निरंक, लागू नाही आणि रिकामा रकाना

मंडळी, सुरुवातीलाच कबुली देते. मागच्या सेमिस्टरला मेसच्या दारावर ‘डिपॉझिट न भरलेल्या विद्यार्थिनी’ अशी ४६ नावांची यादी लागली होती, ती माझ्या प्रोग्रॅममधून निघालेली होती. सही रेक्टर मॅडमची, पण पाप माझं. त्या ४६ जणींपैकी नक्की पैसे न भरलेल्या निघाल्या नऊ. उरलेल्या ३७ जणी यादीत कशा घुसल्या, ते सांगण्यासाठी हा लेख. सेकंड इयरवाल्यांनी तरी जरूर वाचावा, कारण हीच चूक तुम्ही मिनी प्रोजेक्टमध्ये करणार आहात. कदाचित करूनही झाली असेल, फक्त अजून कळली नसेल!

झालं असं. ऑफिसातले काका हॉस्टेलचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. एका ओळीत एक मुलगी : रूम नंबर, नाव, वर्ष, जमा झालेलं डिपॉझिट. मॅडम म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरची ना? मग ज्यांचे पाच हजार पूर्ण आले नाहीत त्यांची यादी काढून दे." मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. काकांनी फाइल सीएसव्ही करून दिली, म्हणजे नुसता साधा टेक्स्ट, दोन किमतींच्या मध्ये स्वल्पविराम. मी पायथनमध्ये लिहायला बसले आणि पहिल्याच रनला एरर आली. रिकाम्या स्ट्रिंगचा पूर्णांक करता येत नाही, असं पायथनचं म्हणणं. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, दुसऱ्या दिवशी दोन सबमिशन्स. मी त्या ओळीत ‘नाहीतर शून्य’ अशा अर्थाचं एक छोटंसं शेपूट जोडलं. किंमत रिकामी असेल तर शून्य धर. एरर गेली, यादी आली, प्रिंट काढली आणि मी झोपले.

आता वाटतं, त्या अख्ख्या रात्रीत शहाणपणाचं काही कुणी बोललं असेल तर ते त्या एररनेच. आणि तिचंच तोंड मी दाबलं.

आमच्या मजल्यावर फर्स्ट इयरची एक मुलगी आहे. यादी लागल्यापासून ती दोन दिवस मेसमध्ये दिसली नाही. रूममध्ये बसून घरचा चिवडा आणि बिस्किटं खात होती. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. यादी कुणी बनवली हे तिला माहीत नव्हतं, मी कॉम्प्युटरची म्हणून फक्त विचारायला आली होती. म्हणाली, "ताई, हे पैसे ऑनलाइन भरायचे असतात का? प्रवेशाच्या वेळी मला माफ आहे म्हणाले होते. घरी सांगितलं तर बाबा कुणाकडून तरी उसने आणतील."

मी तिला घेऊन तडक ऑफिसात गेले. काकांनी फाइल उघडली, तिची ओळ बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगली तर बरं. "अगं, हिला माफ आहे. म्हणून रकाना रिकामा आहे. मी शून्य लिहितो तेव्हा ते शून्य असतं, आणि रिकामं ठेवतो तेव्हा रिकामं असतं. तू दोन्ही एक केलंस."

मग त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, कॉम्प्युटर यायच्या आधीचं. त्यात एकही रकाना मोकळा नव्हता. कुठे आकडा, कुठे ‘लागू नाही’, कुठे ‘पावती येणे बाकी’, आणि बऱ्याच ठिकाणी ‘निरंक’. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, मराठी फक्त तिसरी भाषा म्हणून. खरं सांगते, मला पहिल्यांदा वाटलं निरंक हे मुलाचं नाव आहे. (हसू नका, ठेवलं तर चांगलं दिसेल.) काका म्हणाले, "निरंक म्हणजे बघितलं, मोजलं, आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे अजून बघितलंच नाही, किंवा बघून लिहायचं राहिलं. साहेबाकडे रिकामा रकाना गेला तर कागद परत यायचा."

मी विचारलं, मग एक्सेलमध्ये असं का लिहीत नाही? तर उत्तर ऐका. पूर्वी लिहायचे. पण बेरजेच्या सूत्रात अधिकचं चिन्ह वापरलेलं, त्यामुळे ‘लागू नाही’ असलेल्या ओळीत आकड्याऐवजी एरर यायची. तेव्हा आमच्याच ब्रँचच्या एका सीनियरनं सल्ला दिला, "काका, तिथे काही लिहूच नका, रिकामं सोडा." म्हणजे आधी आम्ही त्यांच्याकडून माहिती पुसून घेतली, आणि मग ती नाही म्हणून शून्य भरलं!

हिशेब लावला तेव्हा ४६ मधल्या नऊ जणींपुढे काकांनी स्वतः शून्य लिहिलेलं होतं. २१ जणींना डिपॉझिट माफ होतं, त्यांच्या बाबतीत प्रश्नच उद्भवत नव्हता. १६ जणींनी पैसे भरल्याचं सांगितलं होतं, पण पावती वहीतून फाइलमध्ये चढायची होती. तीन वेगळ्या गोष्टी. टेक्स्ट फाइलमध्ये मात्र दोनच दिसतात : एक शून्य, आणि एक काहीच नाही. माझ्या प्रोग्रॅमनंतर एकच उरली.

आता थोडं टेक्निकल. प्रोग्रॅम चालू असतो तेव्हा ‘किंमत नाही’ हे दाखवायला प्रत्येक भाषेत वेगळी खूण असते. जावात नल, पायथनमध्ये नन, जावास्क्रिप्टमध्ये नल आणि अनडिफाइन्ड असे दोन दोन. (मराठीत नल लिहिलं की पाण्याचा नळ आठवतो, पण इलाज नाही.) ही खूण आकडाही नाही आणि अक्षरंही नाहीत, त्यामुळे आत असेपर्यंत ती खऱ्या किमतीत मिसळत नाही. भानगड होते ती टेक्स्ट करताना. टेक्स्टमध्ये अक्षरांशिवाय दुसरं काही नसतं. त्यामुळे ‘काही नाही’ हेसुद्धा अक्षरांनीच सांगावं लागतं, नाहीतर मौन पाळावं लागतं. आणि कुठलीही अक्षरं निवडा, ती उद्या कुणाची तरी खरी किंमत असू शकते.

प्रत्येक भाषेची सवय निराळी. जावात स्ट्रिंगला नल जोडला की सरळ ‘नल’ ही चार इंग्रजी अक्षरं चिकटतात. ‘डिअर नल’ म्हणून सुरू होणारे मेसेज आपल्या मोबाइलवर येतात ते असेच. पायथन ‘नन’ छापतो. पीएचपी आणि रूबी काहीच छापत नाहीत. सी मध्ये प्रिंटएफला नल पॉइंटर देणं नियमाबाहेरचं आहे; लिनक्सवरची जीलिबसी दयाळूपणे कंसात नल छापते, दुसरीकडे प्रोग्रॅम आडवाही पडू शकतो. सी वरून आठवलं : लॅबमध्ये आपण सगळे ओळ तोडायला स्ट्रटोक वापरतो ना? ते लागून आलेले दोन स्वल्पविराम एकच धरतं. म्हणजे मधला रकाना रिकामा असेल तर तो गायब होतो आणि पुढचे सगळे एक घर डावीकडे सरकतात. इंटर्नलचे मार्क हजेरीच्या जागी जाऊन बसतात, आणि एरर बिरर काही नाही! वर एटूआय ला रिकामी स्ट्रिंग दिली की तो मुकाट्याने शून्य देतो. म्हणजे मी मुद्दाम शेपूट लावून केलं ते सी आपल्यासाठी फुकटात करतं.

अक्षरं निवडली तर काय होतं, याचा माझा सगळ्यात आवडता किस्सा लॉस एंजेलिसचा, १९७९ चा. एका माणसाने गाडीच्या खास नंबरप्लेटसाठी अर्ज केला. पसंतीचे तीन शब्द भरायचे होते. त्याला दोनच सुचले, दोन्ही नौकाविहाराचे. ते मिळाले नाहीत तर खास प्लेट नकोच, म्हणून तिसऱ्या रकान्यात त्याने लिहिलं ‘नो प्लेट’. खात्याने त्याला प्लेट दिली, तिच्यावर लिहिलेलं ‘नो प्लेट’! आता तिकडचे पोलीस बिनप्लेटच्या गाडीला दंड करताना पावतीवर तेच दोन शब्द लिहायचे. पुढे त्या गृहस्थांच्या घरी राज्यभरातून हजारो नोटिसा आल्या. त्याने लिहिलं होतं ‘किंमत नाही’, वाचणाऱ्याने वाचलं ‘किंमत आहे, आणि ती ही’. इतकं झाल्यावर तरी जगाने शिकावं? २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सुरक्षा संशोधकाने हौसेने ‘नल’ अशी प्लेट घेतली. पुढे ज्या पावत्यांवर गाडीचा नंबर भरलेलाच नव्हता त्या त्याच्या नावावर जमा होऊ लागल्या. रक्कम १२ हजार डॉलरच्या घरात गेली. हे त्याने २०१९ च्या डेफकॉन परिषदेत स्वतः सांगितलं.

नामिबिया देशाचं दोन अक्षरी चिन्ह एन आणि ए आहे. आर या भाषेत ‘एनए’ म्हणजे किंमत उपलब्ध नाही. पायथनचं पांडाज पॅकेजही फाइल वाचताना ‘एनए’ दिसलं की ते न विचारता रिकामं धरतं. त्यामुळे देशांची यादी वाचली की नामिबिया नकाशावरून पुसला जातो. वाचताना ही सवय बंद करायचा पर्याय आहे, पण तो माहीत असायला आधी एक देश हरवावा लागतो. पांडाजची आणखी एक खोड : पूर्णांकांच्या रकान्यात एक जरी किंमत नसेल तरी तो अख्खा रकाना अपूर्णांकाचा करतो. फाइल परत लिहिली की १०१ रोल नंबरचा १०१.० झालेला असतो. एकाच्या गैरहजेरीची शिक्षा सगळ्या वर्गाला, अगदी आपल्या एचओडी सरांसारखं. (सर, गंमत केली.)

अक्षरं नकोत तर अशक्य आकडा घ्या, ही जुनी युक्ती. आपल्या हवामान खात्याचा जो चौकटींमध्ये विभागलेला डेटा पुण्याहून मिळतो, त्यात पावसाची नोंद नसेल तिथे उणे ९९९ असतं आणि तापमानाची नसेल तिथे ९९.९. पाऊस उणे पडत नाही, त्यामुळे पहिला आकडा शंभरात उठून दिसतो. दुसराही एकटा दिसला तर कळतोच. पण सरासरी काढली की संपलं. समजा महिन्याच्या २९ दिवसांचं तापमान बरोब्बर ३० अंश आहे आणि एका दिवसाची नोंद नाही. ९९.९ सकट सरासरी काढलीत तर ३२.३ येते. यात काहीच विचित्र दिसत नाही. उन्हाळा कडक होता म्हणून आपण पुढे जातो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आलेखसुद्धा काढतो. म्हणून मला अशक्य आकड्यापेक्षा शक्य वाटणाऱ्या आकड्याची जास्त भीती वाटते, आणि सगळ्यात जास्त शून्याची. पाऊस शून्य मिलिमीटर आणि पर्जन्यमापक कुणी बघितलाच नाही, यांत दुष्काळ जाहीर होण्या न होण्याइतका फरक पडू शकतो.

हे कॉम्प्युटरनेच सुरू केलं असंही नाही. माझ्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला असतो. त्यांच्या थोरल्या भावाचाही १ जूनला. तुमच्याही घरात एखादे असतीलच, कारण महाराष्ट्रातली एक पिढीच्या पिढी १ जूनला ‘जन्मली’ आहे. जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, शाळेच्या रजिस्टरमध्ये रकाना रिकामा चालायचा नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजींनी वयाचा अंदाज बांधून १ जून टाकून दिलं. सोयीची तारीख, प्रवेश झाला, पोरगं वर्गात बसलं. पण एकदा लिहिल्यावर ती डीफॉल्ट किंमत राहिली नाही, खरी तारीख झाली. दाखला, नोकरी, पेन्शन सगळं तिच्यावर चाललं. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की सरकारी नोकरीत निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. म्हणून दर ३१ मे ला कार्यालयांमध्ये निरोपसमारंभांची रांग लागते. आजोबा पण ३१ मे लाच निवृत्त झाले. ते खरे कुठल्या महिन्यातले, हे आता कुठल्याच फाइलमधून काढता येणार नाही. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. माझा तरी कुठे होता?

डेटाबेसच्या तासाला आपण कॉड साहेबांचे नियम पाठ करतो. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, आणि काका जे रजिस्टरमध्ये करत होते त्यावर या माणसाने पुढची वीस वर्षं डोकं खपवलं. १९७९ च्या पेपरमध्ये त्यांनी नलचं तर्कशास्त्र मांडलं : खरं, खोटं आणि माहीत नाही. म्हणून एसक्यूएलमध्ये नल बरोबर नल का, असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येत नाही. दोन माणसांची वयं माहीत नसली तर ती सारखी आहेत असं थोडंच म्हणता येतं? व्हायवाला हा प्रश्न हमखास असतो. पण १९९० च्या पुस्तकात ते आणखी एक पाऊल पुढे गेले, ते सहसा कुणी विचारत नाही. त्यांनी नलचे दोन प्रकार करा म्हटलं : एक, किंमत असायला हवी पण आत्ता माहीत नाही, दुसरा, इथे किंमत असूच शकत नाही. म्हणजे ‘पावती येणे बाकी’ आणि ‘लागू नाही’! एसक्यूएलने हे घेतलं नाही, तिथे आजही एकच नल आहे. त्यामुळे आमच्या हॉस्टेलचा डेटा मी नीट डेटाबेसमध्ये ठेवला असता तरी ती फर्स्ट इयरची मुलगी आणि पावती राहिलेली मुलगी एकाच खुणेखाली आल्या असत्या. शून्यापासून वाचल्या असत्या, एवढंच. तेही कमी नाही म्हणा.

मग टेक्स्ट करताना करायचं काय? शहाण्या लोकांनी काढलेला सगळ्यात जुना तोडगा असा की नलसाठी अशी खूण घ्यायची जी खऱ्या किमतीत येणारच नाही याची व्यवस्था फाइल लिहिणाराच करतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस टेक्स्ट फाइलमध्ये नलच्या जागी बॅकस्लॅश आणि कॅपिटल एन लिहितात. खऱ्या मजकुरात बॅकस्लॅश आला तर तो दोनदा लिहिला जातो, त्यामुळे गल्लत होत नाही. सीएसव्हीत पोस्टग्रेसची पद्धत आणखी नाजूक : नुसता रिकामा रकाना म्हणजे नल, आणि अवतरणचिन्हांची रिकामी जोडी म्हणजे रिकामी स्ट्रिंग. एकाने मधलं नाव सांगितलं नाही आणि दुसऱ्याला मधलं नावच नाही, हा फरक त्या दोन चिन्हांवर टिकतो. फक्त ती फाइल मध्येच कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नये. अवतरणचिन्हं उडतात आणि बरोबर फरकही. सीएसव्हीचे जे नियम २००५ मध्ये आरएफसी ४१८० म्हणून लिहिले गेले, त्यांत नल कसा लिहावा याबद्दल अवाक्षर नाही, तेव्हा भांडायला जागाही नाही. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल वर्षानुवर्षं दोन्हींना रिकामंच लिहीत आलं. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत नन सोडून बाकी सगळ्यांना अवतरणचिन्हं लावायची सोय आली. ओरॅकलमध्ये तर रिकामी स्ट्रिंग हीच नल, त्यामुळे तिथे फाइल कितीही जपून लिहा, आत गेल्यावर फरक संपला.

जेसनमध्ये नल हा शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहितात, म्हणून तो ‘नल’ आडनावाच्या माणसाशी भांडत नाही. शिवाय किल्लीच न लिहिणं हा आणखी एक प्रकार मिळतो. मात्र जावास्क्रिप्ट ‘आकडा नाही’ अशी जी नॅन किंमत असते तिचाही जेसनमध्ये नलच करून टाकतं; आणि पायथन तिला जशीच्या तशी लिहितो, जे जेसनच्या नियमांत बसतच नाही. एकाने माहिती गिळली, दुसऱ्याने नियम मोडला. कोण बरं, ते तुम्ही ठरवा. मी नियम मोडणाऱ्याच्या बाजूची आहे. निदान समोरचा वाचताना अडखळतो तरी.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगते. ‘लागू नाही’ परत रकम्यांच्या रकान्यात लिहिलं असतं तर काकांची बेरीज पुन्हा आडवी झाली असती. म्हणून शेजारी ‘शेरा’ नावाचा नवा रकाना केला. रक्कम आहे तिथे शेऱ्यात ‘जमा’. रक्कम शून्य तर ‘निरंक’. रक्कम रिकामी असेल तर शेऱ्यात ‘माफ’ किंवा ‘पावती येणे बाकी’, यांपैकी एक हवंच. रक्कम आणि शेरा दोन्ही रिकामे दिसले तर प्रोग्रॅम थांबतो आणि ओळीचा नंबर सांगतो. यादी काढतच नाही. पहिल्यांदा चालवला तेव्हा तो अकरा वेळा थांबला, आणि दर वेळी मी जिना उतरून ऑफिसात गेले.

जुनी यादी मी स्वतः दारावरून काढली. मॅडमनी नवी यादी लावायच्याऐवजी त्या नऊ जणींना बोलावून सांगितलं, आणि हे मला जास्त पटलं. फर्स्ट इयरच्या त्या मुलीला मी खरं काय ते सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे ताई, माझं शून्य नव्हतंच?" नव्हतंच. त्या रात्री आम्ही मेसमध्ये एकाच टेबलावर जेवलो.

पावती बाकी असलेल्या सोळा जणींपैकी तेरा जणींच्या पावत्या जुळल्या. तिघींच्या अजून सापडलेल्या नाहीत. काका म्हणतात, तेव्हाचं पावतीपुस्तक ऑडिटला गेलंय. ते परत येईपर्यंत त्या तीन ओळींमध्ये रक्कम रिकामी आहे आणि शेऱ्यात ‘येणे बाकी’.